मुलांना वाढवणे हीच उपासना: ज्यू घरासाठी आठवड्याची आखणी

शेमा (‘हे इस्राएला, ऐक’ ही रोजची प्रार्थना) म्हणणाऱ्या प्रत्येक ज्यू माणसाच्या तोंडी दिवसातून दोनदा मुलांचा उल्लेख येतो. ही वचने तुझ्या अंतःकरणात असू देत, ती आपल्या मुलांच्या मनावर बिंबव, आणि घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना व उठताना त्यांविषयी बोलत जा, असे तोरा या धर्मग्रंथातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. यातला क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी आईबापांचे अंतःकरण येते, मग मुले येतात, आणि जागा म्हणून जी नावे येतात ती घर, वाट व अंथरूण यांची आहेत; मंदिराचे नाव त्यात नाही. ज्यू पालकत्वाला साधना म्हणायचे ते याच अर्थाने. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या छोट्या कृती पालकाने स्वतः करायच्या आणि त्या मुलांच्या डोळ्यांदेखत करायच्या, एवढाच या साधनेचा गाभा आहे.

हे खरोखर टिकते का, असे विचारणाऱ्याला कोकणाकडे बोट दाखवता येते. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून उतरलेल्या कुटुंबांची आख्यायिका बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजात सर्वांना ठाऊक आहे. ग्रंथ समुद्रात गेले आणि पुढे कित्येक पिढ्या ना रब्बी (धर्मगुरू) होता ना सिनेगॉग (प्रार्थनामंदिर). मुंबईतले शाआर हाराहामीम हे पहिले सिनेगॉग 1796 साली उभे राहिले. तोवर शेमाची ओळ, मुलाची सुंता, खवल्यांच्या माशाचा नियम आणि शनिवारचा विसावा एवढे मात्र घराघरांत जपले गेले, इतके की शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक गावकऱ्यांत ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. हे सारे जपले ते आईबापांनी आणि आज्यांनी. पुढची आखणी मुंबई, ठाणे, अलिबागपासून इस्राएलमधल्या अश्दोद, दिमोनापर्यंत पसरलेल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू कुटुंबांसाठी लिहिली आहे. इतर वाचकांनाही तिचा ढाचा कळायला अडचण पडू नये.

सुरुवात स्वतःपासून

पहिल्या आठवड्यात मुलांना काहीही सांगू नये. आईबाबांनी एकत्र बसून फक्त एक कृती निवडावी, जी दोघांनाही मनापासून करता येईल, आणि ती महिनाभर न चुकता करावी. दोघांची धार्मिकता सारखी नसेल, जोडीदारांपैकी एक जण ज्यू कुटुंबात वाढलेला नसेल किंवा एकाला प्रार्थनेपेक्षा स्वयंपाकघरातल्या रीती जवळच्या वाटत असतील, तर तेही याच बैठकीत मोकळेपणाने बोलून घ्यावे. मुलांसमोर एकमेकांच्या श्रद्धेची थट्टा करायची नाही, एवढा एक करार झाला तरी पुष्कळ झाले. एकदम सगळेच पाळायला निघालेली घरे दिवाळीच्या सुट्टीत किंवा परीक्षांच्या दिवसांत सगळेच सोडून देतात, असा अनुभव आहे. म्हणून थोडे धरावे, पण धरलेले सोडू नये.

मूल कोणत्या वयात काय करील याचा तक्ता बनवण्याचीही गरज नाही. तालमुद या धर्मचर्चेच्या ग्रंथाच्या सुक्का या भागात वयाचे आकडे न देता क्षमतेची खूण दिली आहे. मूल बोलू लागले की वडिलांनी त्याला शेमाची पहिली ओळ शिकवावी, लुलाव (सुक्कोत सणात हातात धरायची खजुराची फांदी) हलवता येऊ लागला की लुलावची मित्स्वा (धर्माज्ञा) त्याला लागू होते. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या उपासाबाबत मिश्ना (तालमुदाचा मूळ भाग) म्हणते की लहान मुलांना उपास घडवू नये, पण बंधनाचे वय येण्याआधी एकदोन वर्षे त्यांना सवय लावत जावी. तेव्हा शेजारच्या घरातले मूल काय म्हणून दाखवते यापेक्षा आपले मूल कशाकडे हात पुढे करते आहे, ते पाहावे.

निजताना आणि उठताना

सगळ्यांत सोपी जागा अंथरुणाची. रात्री दिवा मालवण्याआधी पालकाने मुलाशेजारी बसावे, उजवा हात डोळ्यांवर ठेवून ‘शेमा यिस्राएल’ ही ओळ सावकाश म्हणावी आणि मुलाला हवे असेल तर त्याने सोबत म्हणावी. नुसती ओळ म्हणायला मिनिटभरही लागत नाही. पण आधी फोन दुसऱ्या खोलीत ठेवलेला असावा, कारण ओळ म्हणताना ज्याचा अंगठा पडद्यावर फिरतो त्या पालकाकडून मूल प्रार्थनेऐवजी पडदाच शिकते. ओळीनंतर दोन प्रश्न पुरतात. आज कोणी तुझ्याशी चांगले वागले का, आणि आज कोणाशी जुळवून घ्यायचे राहून गेले का? उत्तर आले नाही तरी रेटू नये. काही मुले चार दिवसांनी उत्तर देतात.

सकाळी डोळे उघडताच ‘मोदे अनी’ म्हणण्याची रीत आहे (मुली ‘मोदा अनी’ म्हणतात). प्राण परत दिल्याबद्दल ही कृतज्ञता व्यक्त करायची असते. शाळेच्या बसची वेळ, डबा, पाण्याची बाटली या धांदलीत पालकाने ती स्वतः मोठ्याने म्हणावी, एवढेच. मुलाला बळेच म्हणायला लावू नये. ज्या घरात सकाळ चिडचिडीने सुरू होते, तिथे पालकाचाच सूर पहिल्या वाक्याने थोडा खाली येतो, आणि हा फायदा काही लहान नाही.

ताटासमोर

खाण्यापूर्वी म्हणायच्या बेराखा (आशीर्वचने) मुलांना फार आवडतात, कारण त्यांत कोडे असते. झाडाच्या फळाची बेराखा वेगळी, जमिनीतून येणाऱ्या पदार्थाची वेगळी. मग केळ्याला कोणती? केळीचा बुंधा दरवर्षी नवा उगवतो, त्यामुळे केळे जमिनीच्या फळांत मोडते. नारळाला मात्र झाडाची. गव्हाची पोळी खाताना ‘हामोत्सी’ ही पावाची बेराखा, पण कोकणातली तांदळाची भाकरी पावाच्या पाच धान्यांत बसत नाही, तिच्यावर ‘बोरे मिने मेझोनोत’ म्हणतात. ज्वारी-बाजरीसाठी आपल्या हजानांना (सिनेगॉगात प्रार्थना चालवणाऱ्यांना) विचारावे, आणि विचारायला मुलालाच पाठवावे. मोठ्यांनाही सगळे ठाऊक नसते व ते विचारतात, हे त्याला त्यातून दिसते. मुद्दा असा की भूक लागलेली असताना, पदार्थ हातात असताना, क्षणभर थांबून तो कुठून आला याचा विचार करायला मूल शिकते. हे थांबणे पालकाला जमत नसेल तर मुलाला जमण्याची अपेक्षा ठेवू नये.

कश्रुतचे (खाण्यापिण्याचे) नियम व्याख्यानाने शिकवण्यापेक्षा बाजारात शिकवलेले बरे. मुलाला मासळी बाजारात सोबत न्यावे, रावसाच्या अंगावरून बोट फिरवून खवले आणि पर दाखवावेत, शेजारच्या टोपलीतली कोळंबी व खेकडे दाखवावेत आणि त्यांना खवले का नाहीत हे त्यालाच शोधू द्यावे. घरी आल्यावर मटणाच्या रश्श्यात नारळाचे दूध घालताना मांस आणि जनावराचे दूध एकत्र का शिजवत नाहीत, हे सांगावे. बेने इस्राएल स्वयंपाकात नारळाच्या दुधाला जे स्थान आहे त्यात चवीइतकाच हा नियमही मुरलेला आहे. मित्राच्या वाढदिवसाला काय खायचे, हा प्रश्न मात्र आधी घरी बोलून ठेवावा. मुलाला चारचौघांत एकटे पाडू नये, आणि मित्राच्या घरचे अन्न ‘घाण’ आहे असा शब्द तर घरात कधीही उच्चारू नये.

शब्बाथ

सगळ्या आखणीचा कणा म्हणजे शब्बाथ, शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र हा विसाव्याचा दिवस, आणि इतर काहीच जमत नसेल तरी शुक्रवारची संध्याकाळ तेवढी धरावी. शब्बाथ सूर्यास्ताला सुरू होतो आणि दिवे बहुतेक घरांत सूर्यास्ताच्या 18 मिनिटे आधी लावतात. मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर, म्हणजे हिवाळ्यात चर्चगेटहून साडेपाचची लोकल पकडणाऱ्या माणसाला दिव्याची वेळ गाठता येत नाही. हा प्रश्न भक्तीने सुटत नाही, तो कार्यालयात आधी बोलून, शुक्रवारी लवकर निघून व आठवड्यात इतर कामाच्या दिवशी जास्त वेळ थांबून सोडवावा लागतो. आईबाबांपैकी एकालाच वेळेवर पोहोचणे शक्य असेल तर त्याने दुसऱ्याची वाट न पाहता दिवे लावावेत; सूर्य कोणासाठी थांबत नाही, हेही मुलांनी पाहावे.

तयारी गुरुवारी रात्रीच सुरू होते. किदुशसाठी (पेल्यावर म्हणायच्या शब्बाथच्या बेराखेसाठी) आपल्याकडे काळ्या मनुकांचे सरबत करण्याची जुनी रीत आहे आणि हे काम पूर्णपणे मुलांकडे सोपवण्यासारखे आहे. मनुका निवडून, धुऊन, रात्रभर पाण्यात भिजत घालायच्या. शुक्रवारी दुपारी त्या हातानेच चांगल्या चुरून स्वच्छ फडक्यातून रस पिळून घ्यायचा. लहान मुलांच्या मुठीतून तो तपकिरी रस भांड्यात उतरताना ओट्यावर, सदऱ्यावर, फरशीवर सांडतोच. त्या वेळी ओरडायचे नाही, हा पालकाचा त्या आठवड्याचा खरा अभ्यास समजावा. शब्बाथची शांतता शुक्रवारी चार वाजता झालेल्या आरडाओरड्याने विकत घेता येत नाही, आणि दुर्दैवाने पुष्कळ घरांत तसेच घडते. म्हणून स्वयंपाक कमी करावा, एक भाजी गाळावी, पण सूर चढू देऊ नये.

दिव्याच्या आधी मुलांनी सदाकाच्या (दानाच्या) डब्यात नाणे टाकावे. तो डबा भरला की त्यातले पैसे कोणाला द्यायचे, हे मुलांना ठरवू द्यावे. मग दिवे. कोणाकडे मेणबत्त्या असतात, कोणाकडे काचेच्या पेल्यात तेलाची वात. दिवे लावून, हातांनी डोळे झाकून बेराखा म्हटली जाते, आणि झाकलेल्या डोळ्यांमागे आईने आपल्या शब्दांत, हवे तर मराठीत, मुलांसाठी मागणे मागावे.

यानंतर येतो तो या संपूर्ण लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग, तो म्हणजे मुलांना आशीर्वाद देणे. दोन्ही हात मुलाच्या डोक्यावर ठेवावेत. मुलासाठी ‘एफ्राईम व मनश्शे यांच्यासारखे देव तुला करो’, आणि मुलीसाठी ‘सारा, रिबका, राहेल व लेआ यांच्यासारखी देव तुला करो’ असे म्हणतात. नंतर गणना या पुस्तकातला याजकांचा आशीर्वाद म्हणतात, की देव तुला आशीर्वाद देवो व तुझे रक्षण करो, तो आपला मुखप्रकाश तुझ्यावर पाडो व तुझ्यावर कृपा करो, तो आपले मुख तुझ्याकडे वळवो व तुला शांती देवो. अब्राहाम, इसहाक आणि याकोब हे मूळ पुरुष असताना मुलांसाठी एफ्राईम व मनश्शे का, यावर भाष्यकारांनी बरेच लिहिले आहे. हे दोघे मिसरात, परक्या दरबारात जन्मून वाढले आणि तरी आजोबांनी त्यांना आपलेच मानले. शिवाय याकोबाने धाकट्याला पुढे काढले तरी त्या भावंडांत भांडण झाल्याचे वाचायला मिळत नाही. इतरांच्या गर्दीत वाढणाऱ्या लहानशा समाजाला याहून जवळचा आशीर्वाद कोणता असणार!

शब्द संपल्यावर हात लगेच उचलू नयेत. मुलाच्या कानाशी वाकून त्या आठवड्यात पाहिलेली एक गोष्ट सांगावी, आणि ती गुणपत्रिकेतली नसावी. ‘बसमध्ये रडणाऱ्या नव्या मुलीजवळ तू जाऊन बसलीस, ते मला फार आवडले’ एवढे एक वाक्य पुरते. असे वाक्य सापडण्यासाठी पालकाला आठवडाभर मुलाकडे बघावे लागते, आणि त्या बघण्यासाठीच हा सारा खटाटोप आहे. आठवडा भांडणात गेला असेल तेव्हा तर हात आवर्जून ठेवावा. आशीर्वाद हे चांगल्या वागणुकीचे बक्षीस नाही. शिक्षा म्हणून तो रोखून धरणे ही मोठी चूक होय. चौदा-पंधराव्या वर्षी मूल डोके बाजूला घेते, तेव्हा खांद्यावर हात ठेवून म्हणावे, पण म्हणावे.

किदुश झाल्यावर हात धुऊन दोन पावांवर किंवा दोन पोळ्यांवर हामोत्सी म्हणतात. वाळवंटात शुक्रवारी दुप्पट मान्ना (देवाने दिलेले अन्न) मिळे, त्याची ही आठवण आहे. तुकडा मिठाला लावून सर्वांना द्यावा. वाटण्याचे काम सर्वांत धाकट्याला द्यावे. जेवताना त्या आठवड्याच्या पाराशातली (तोरावाचनातली) एक गोष्ट मराठीत सांगावी. आपल्या समाजात तोरातील कथांवर मराठी कीर्तने होत असत, त्यामुळे योसेफाची गोष्ट ओवीच्या चालीत सांगायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

शनिवारी काय करू नये याची यादी मुलांना आपोआप पाठ होते, काय करावे हे मोठ्यांनी पुरवावे लागते. फोन-टीव्हीचे पडदे बंद ठेवायचे असतील तर त्या दिवशी पालकांनी अक्षरशः उपलब्ध असावे. पायी फिरायला जावे, पट मांडावा, आजीकडे बसावे, दुपारी झोपावे. शनिवारच्या शाळेचा प्रश्न भारतात कायमचा आहे. शाळेला वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी विनंती करावी, आणि जिथे सुटका नाही तिथे शाळेतून आल्यानंतरचा शब्बाथ तरी पुरता पाळावा. अपुरा शब्बाथ म्हणजे मोडलेला शब्बाथ, असे मुलांच्या मनात भरवू नये. आकाशात तीन तारे दिसले की हवदाला, म्हणजे शब्बाथला निरोप. तारे शोधायला मुलांना गच्चीत पाठवावे, पावसाळ्यात पंचांग पाहावे. सरबताचा पेला, हुंगण्यासाठी लवंग-दालचिनी आणि एकत्र धरलेल्या वातींची ज्योत एवढे साहित्य लागते.

रागाच्या वेळी

तालमुद व त्याच्या जोडग्रंथांत पालकांना दिलेली सूचना बहुधा पालकालाच आवर घालणारी आहे. मुलाला धमकी देऊन टांगणीला लावू नये, शिक्षा करायची तर तिथेच करावी, नाहीतर गप्प बसावे. मुलाला काही देतो म्हणून न देणे म्हणजे त्याला खोटे बोलायला शिकवणे. एका मुलाला दुसऱ्याहून वेगळे वागवू नये. योसेफाला दिलेल्या थोड्याशा जादा वस्त्रामुळे भावांचा मत्सर पेटला आणि अखेर सारे कुटुंब मिसरात गेले. डावा हात दूर लोटत असेल तेव्हा उजव्याने जवळ ओढावे. यातले एकेक वचन कागदावर लिहून फ्रीजवर लावण्यासारखे आहे, फक्त ते मुलांसाठी नसून आपल्यासाठी आहे, हे विसरू नये.

तालमुदाच्या किद्दूशीन या भागात वडिलांची कर्तव्ये मोजली आहेत. सुंता करणे, तोरा शिकवणे, लग्न लावून देणे, हुन्नर शिकवणे अशी ती यादी आहे, आणि काहींच्या मते त्यात पोहायला शिकवणेही येते. म्हणजे शनिवारच्या पाराशाइतकाच रविवारचा पोहण्याचा वर्गही कर्तव्यात बसतो. त्याच ग्रंथात आईच्या पावलांची चाहूल लागताच ‘शेखीना (देवाचे सान्निध्य) येत आहे’ म्हणून उठून उभे राहणाऱ्या राव योसेफचा उल्लेख आहे. आपण आपल्या आईवडिलांना कोणत्या आवाजात उत्तर देतो, हे मूल रोज ऐकते. आणि उलट बाजूने, बाराव्या शतकातील धर्मपंडित राम्बाम (मैमोनिदेस) यांनी पालकांना बजावले आहे की आपल्या मानाबाबत मुलांवर फार जोखड घालू नये. काही गोष्टींकडे काणाडोळा करावा.

योम किप्पूरच्या आधीच्या दिवसांत पालकाने मुलाची क्षमा मागावी. माणसामाणसांतले अपराध समोरच्याची समजूत घातल्याशिवाय योम किप्पूरने धुतले जात नाहीत, असे मिश्ना सांगते, आणि मूल हे त्या नियमाला अपवाद नाही. क्षमा मागताना ‘पण तूही’ हे शब्द येऊ देऊ नयेत.

प्रश्न आणि नवस

पेसाहच्या (मिसरातून सुटकेच्या सणाच्या) रात्री सेदेर हा भोजनविधी मुलाच्या प्रश्नाशिवाय पुढे सरकत नाही. रब्बी अकिवा त्या दिवशी मुलांना भाजलेले धान्य व अक्रोड वाटत, की त्यांनी जागे राहावे आणि विचारावे. तेव्हा हग्गादा (सेदेरची पोथी) घाईने वाचून संपवू नये. पुण्यात 1874 साली हिब्रूसोबत मराठी असलेली हग्गादा छापली गेली ती घरच्यांना कळावे म्हणूनच. आज मुलांना मराठीपेक्षा इंग्रजी जवळची असेल तर त्या भाषेत सांगावे. हग्गादातल्या चार मुलांच्या प्रसंगातल्या उद्धट मुलालाही ताटावर जागा आहे, आणि ज्याला विचारताच येत नाही त्याच्यासाठी आपण सुरुवात करायची असते.

बेने इस्राएल घरांतला मलिदा हा कृतज्ञतेचा विधी मुलांच्या बाबतीत विशेष उपयोगी पडतो. गोड पोहे, नारळ, फळे यांचे ताट आणि एलियाहू हानबी (एलिया संदेष्टा) याचे गीत. आजारातून उठणे, परीक्षा, नवे घर, बारमित्स्वा (मुलगा धर्मबंधनाच्या वयात येण्याचा विधी), कोणत्याही निमित्ताने तो करता येतो. तू बिशवातला (झाडांच्या नववर्षाला) अलिबागजवळच्या खंडाळ्याला, एलियाहूच्या खुणेच्या जागी, मुलांना एकदा तरी न्यावे. नवस बोलताना मात्र देवाशी सौदा केल्यासारखी भाषा मुलांसमोर टाळावी.

दूर गेलेली मुले

तेराव्या वर्षी मुलाचा बारमित्स्वा झाला की त्याच्या कृत्यांची जबाबदारी आता माझ्यावर नाही, असे सांगणारी बेराखा वडील म्हणतात. पण शुक्रवारचा आशीर्वाद तिथे थांबत नाही. मुलगा किंवा मुलगी इस्राएलला असेल तर भारतातली वेळ हंगामानुसार अडीच ते साडेतीन तास पुढे असते, म्हणजे मुंबईत दिव्याची वेळ होते तेव्हा अश्दोदला अजून दुपार असते. फोन मुंबईच्या घराने, आपल्या दिव्याच्या अर्धा तास आधी करावा. पलीकडचे मूल कामावर असण्याचा संभव लक्षात घेऊन आशीर्वाद आवाजी निरोपात ध्वनिमुद्रित करून पाठवावा, त्यात आठवड्यातली ती एक गोष्ट सांगावी आणि उत्तर मागू नये.